टपावरचे ऊन आणि रात्रीचा हिशेब

अर्धापूर तालुक्यातील केळी, ऊस आणि हळदीच्या शेतांमधून आता जागोजागी सोलरच्या प्लेटा दिसतात. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो, आणि अडीच एकरांपर्यंतच्या जमिनीला ३ अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्तीचा व त्याहून मोठ्या जमिनीला साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. या पंपांना बॅटरी नसते. सूर्य वर आला की मोटार चालू होते, ढग आला की मंदावते आणि मावळतीला बंद पडते, तरी शेतकऱ्याचे फारसे अडत नाही. कारण दिवसा उपसलेले पाणी हौदात, शेततळ्यात किंवा केळीच्या बुडाशी मातीत राहते आणि पिकाला ते रात्रीही उपयोगी पडते. शेततळे हीच त्या शेतकऱ्याची बॅटरी असते, आणि ती मातीची असल्यामुळे तिचा खर्च वीजयंत्रणेच्या हिशेबात कोठे दिसत नाही.

हीच प्लेट एखाद्या गाडीच्या टपावर चढली की गणित उलटे होते. गाडीत राहणाऱ्या माणसाला विजेची खरी गरज लागते ती दिवस मावळल्यावर, म्हणजे प्लेट निकामी झाल्यावर. दिवे, पंखा, मोबाइल, दुधाची पिशवी टिकवणारा छोटा फ्रिज या सर्वांचा भार रात्रीवर असतो आणि रात्रीसाठी ऊन साठवून ठेवण्याचे दुसरे कोणतेही शेततळे गाडीत नसते. म्हणूनच गाडीवर राहण्याच्या बेतात ‘किती वॅटची प्लेट’ हा पहिला प्रश्न बहुधा चुकीचा ठरतो. हिशेब रात्रीपासून सुरू करावा लागतो: रात्रीच्या गरजेवरून बॅटरी ठरते, बॅटरीवरून प्लेट ठरते आणि टपाचा आकार त्या प्लेटेला मर्यादा घालतो.

गाडीला घर करून राहण्यासाठी ‘व्हॅन लाइफ’ हा शब्द नवा असला, तरी चाकांवरचे राहणे मराठवाड्याला नवे नाही. दिवाळीच्या सुमारास गाव सोडून निघणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत संसार भरून फडावर जातात आणि पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत पाच-पाच महिने काढतात. केळीची गाडी भरायला आलेला ट्रकचालक कॅबिनमध्येच झोपतो, आंघोळीपुरता खाली उतरतो आणि हजारांवर किलोमीटरचा रस्ता त्याच चौकोनात काढतो. आषाढी वारीला निघालेल्या दिंडीबरोबर तंबू, शिधा, भांडी आणि आजारी वारकरी घेऊन चालणारा ट्रक हेही काही आठवड्यांपुरते फिरते घरच असते. यांच्या जोडीला आता हौसेने किंवा कामाच्या सोयीसाठी एखादी ट्रॅव्हलर सजवून राज्यभर हिंडणारी कुटुंबे आली आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही मंजूर केले आहे. गाड्यांच्या किमतींत आकाशपाताळाचे अंतर असले, तरी विजेपुरते बोलायचे तर या सर्वांची अडचण एकच आहे, आणि तिच्यावरचा उपायही एकाच जातीचा आहे.

त्या उपायाकडे जाण्यापूर्वी गाडीत मुळातच असलेल्या बॅटरीविषयी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. इंजिन चालू करण्यासाठी गाडीत जी बॅटरी असते, तिच्यातील शिशाच्या पट्ट्या पातळ आणि संख्येने जास्त असतात, कारण तिचे काम काही सेकंदांपुरता प्रचंड प्रवाह देऊन स्टार्टर फिरवणे एवढेच असते. तो वापरलेला अंश इंजिन सुरू होताच लगेच भरून निघतो. अशा बॅटरीवर रात्रभर पंखा चालवला, किंवा दिंडीच्या मुक्कामी भजनाचा स्पीकर आणि चार दिवे लावले, तर ती खोलवर रिकामी होते, पट्ट्यांवरचा लेप झडू लागतो आणि सकाळी ट्रकला धक्का मारण्याची पाळी येते. असे महिन्यातून चार-पाच वेळा झाले की नवी बॅटरीही वर्ष-दीड वर्षात बसते. राहण्याची वीज आणि गाडीची वीज वेगळी ठेवणे, म्हणजे घरासाठी दुसरी, खोलवर वापरता येईल अशा बांधणीची बॅटरी बसवणे, हा पहिला नियम आहे.

ट्रकच्या बाबतीत याच चुकीचा आणखी एक प्रकार सर्रास आढळतो. मोठ्या ट्रकची वीजप्रणाली २४ व्होल्टची असते आणि ती १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून केलेली असते. टेप, मोबाइलचा चार्जर किंवा छोटा पंखा १२ व्होल्टवर चालत असल्यामुळे जोडणी करणारा कारागीर दोनांपैकी एकाच बॅटरीवरून तार काढून देतो. वस्तू चालू होतात, म्हणून काम झाले असे वाटते. परंतु दोन्ही बॅटऱ्यांना येणारा भरणा सारखा आणि खर्च मात्र एकीवरच, असे झाल्याने ती एक सतत उपाशी राहते, तर दुसरी गरजेपेक्षा जास्त भरली जाऊन उकळते. म्हणजे तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन वायू बाहेर पडतात. काही महिन्यांनी दोन्ही बाद होतात आणि दोष बॅटरी बनवणाऱ्याला दिला जातो. २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर हे तळहाताएवढे यंत्र असते आणि दोन मोठ्या बॅटऱ्यांच्या तुलनेत त्याची किंमत अगदी किरकोळ असते.

आता रात्रीचा हिशेब. विजेचा एक युनिट म्हणजे १००० वॅटचे उपकरण एक तास चालवायला लागणारी ऊर्जा. छोट्या गाडीत मात्र मोजणी युनिटमध्ये न करता वॅट-तासांत केलेली बरी, कारण तेथे शंभर वॅट-तासांनाही किंमत असते. दोन माणसे एप्रिलमध्ये अर्धापूरजवळ एखाद्या व्हॅनमध्ये मुक्कामाला आहेत असे धरले, तर ५ वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास जळून ५० वॅट-तास घेतील, २० वॅटचे १२ व्होल्टवरचे दोन पंखे दहा तास फिरून ४०० घेतील, दोन मोबाइल ३०, एक लॅपटॉप ६०, पाण्याचा छोटा पंप १० आणि ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसातून एकूण बारा तास प्रत्यक्ष चालला तर ५४० वॅट-तास घेईल. ही बेरीज १०९० होते, म्हणजे जेमतेम एक युनिट. घरच्या वीजबिलात ज्याची दखलही कोणी घेत नाही एवढ्या विजेत दोन माणसांचा चोवीस तासांचा संसार बसतो, आणि तो बसतो म्हणूनच हा सारा खटाटोप शक्य आहे. मात्र घरातला जुना ७५ वॅटचा छतपंखा याच हिशेबात आणला, तर एकटा तोच दहा तासांत ७५० वॅट-तास खाऊन टाकतो. गाडीत उपकरण निवडताना त्याच्या किमतीपेक्षा त्याच्या पाटीवरचा वॅटचा आकडा आधी वाचावा तो यासाठी.

या १०९० पैकी सुमारे ७५० वॅट-तासांचा खर्च संध्याकाळ ते सकाळ या वेळेत होतो, आणि तारांतील व यंत्रांतील गळती धरून तो सव्वाआठशेपर्यंत जातो. त्यावर पुढचा एक दिवस ढगाळ गेला तरी भागावे असे ठरवले, तर बॅटरीतून सुमारे १९०० वॅट-तास काढता आले पाहिजेत. येथे बॅटरीची जात महत्त्वाची ठरते. शिसे आणि आम्ल यांची बॅटरी फ्रान्सच्या गास्तोन प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली, आणि आपल्या घरोघरी इन्व्हर्टरखाली ठेवलेली ट्यूब्युलर बॅटरी हे तिचेच सुधारलेले रूप आहे. ती स्वस्त आहे, दणकट आहे, नांदेड-लातूरच्या कोणत्याही बाजारात दुरुस्त करून मिळते आणि मोडीतही तिला भाव येतो. परंतु तिच्यातील निम्मीच वीज वापरावी, म्हणजे ती टिकते. १९०० वॅट-तासांसाठी १५० अँपिअर-तासांच्या अशा दोन बॅटऱ्या लागतात, त्यांचे वजन शंभर किलोंच्या वर जाते, आणि त्या भरताना हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघत असल्याने माणसे झोपतात त्या बंद जागेत त्या ठेवता येत नाहीत.

तिची याहून मोठी उणीव सौर वापरातच उघडी पडते. शिशाची बॅटरी पहिले ऐंशी टक्के बऱ्यापैकी लवकर भरते, पण उरलेल्या वीस टक्क्यांना कित्येक तास घेते, आणि टपावरच्या उन्हाचे भरघोस तास दिवसात पाच-सहाच असतात. त्यामुळे रोज ती थोडी अपुरी राहते, अपुऱ्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण खडे धरतात आणि तिची धारणशक्ती हळूहळू आटत जाते. घरात हीच बॅटरी पाच वर्षे टिकते, कारण तेथे वीज आली की ती दिवस-दिवस भरत राहते; गाडीत दीड-दोन वर्षांत ती दगावल्याच्या तक्रारी येतात त्याचे कारण हे आहे.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट ही दुसरी जात या दोषातून मोकळी आहे. तिच्यातील मुख्य द्रव्याचा शोध अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ च्या सुमारास प्रसिद्ध केला आणि त्या शोधनिबंधावर अक्षय पाधी हे नाव पहिले आहे. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये लिथियम बॅटरीवरील कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. या जातीची १०० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे १२८० वॅट-तास साठवते, त्यातील ८५ टक्के निर्धास्त वापरता येतात, वजन बारा-तेरा किलो भरते आणि अपुरी राहिली तरी तिचे काही बिघडत नाही. वरच्या हिशेबाला अशा दोन पुरतात. तिच्या पेटीत प्रत्येक कप्प्यावर नजर ठेवून गरज पडल्यास वीज तोडणारे ‘बीएमएस’ नावाचे नियंत्रक मंडळ असते. ते नसलेली किंवा ई-रिक्षातून काढलेल्या जुन्या कप्प्यांतून जुळवलेली स्वस्त बॅटरी झोपायच्या पलंगाखाली ठेवणे हा जिवाशी खेळ आहे, हे येथे स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे.

मराठवाड्यातील उन्हाळा दोन्ही जातींना सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये नांदेडचा पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो तेव्हा बंद उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापमान होते. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे आणि लिथियम बॅटरीही ४५ अंशांपुढे वेगाने म्हातारी होते. म्हणून बॅटरीची जागा इंजिनपासून दूर, शक्य तितकी खाली आणि वारा लागेल अशी असावी लागते. प्लेटेचेही तसेच आहे. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त ही समजूत अर्धीच खरी आहे. प्लेटेला हवा असतो तो प्रकाश, उष्णता नव्हे. तिच्यावर लिहिलेले वॅट २५ अंश तापमानावर मोजलेले असतात आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मेच्या दुपारी काच ६५ अंशांपर्यंत तापली, तर शंभरातले बारा ते सोळा वॅट उष्णतेतच जातात. टपाच्या पत्र्याला चिकटवलेल्या लवचिक प्लेटा दिसायला सुबक असल्या, तरी खालून हवा न मिळाल्याने अधिकच तापतात. पत्रा आणि प्लेट यांच्यामध्ये चार बोटे जागा सोडली, तर प्लेट थंड राहते आणि तिची सावली पडून गाडीही थोडी कमी तापते.

अर्धापूर १९ अंशांच्या थोडे वर, उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास दुपारी सूर्य येथे थेट डोक्यावर येतो, त्यामुळे टपावर आडवी ठेवलेली प्लेट त्या दिवसांत अगदी योग्य कोनात असते. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच राहतो आणि आडव्या प्लेटेला समोरून येणाऱ्या उन्हाच्या तीन-चतुर्थांशाच्या आतच ऊन मिळते. आकाश निरभ्र असल्याने तूट फार जाणवत नाही, तरी गाडी पूर्व-पश्चिम उभी करून प्लेटेची उत्तरेकडची कड उचलण्याची सोय ठेवली, तर ती भरून निघते. एप्रिलच्या उन्हात रोजच्या एक युनिटासाठी, उष्णता, धूळ आणि गळती वजा जाता, साधारण ३०० वॅटची प्लेट पुरते. पावसाळ्यात साडेचारशे-पाचशे वॅटही अपुरे पडू शकतात.

यात सावलीचा प्रश्न सर्वांत चिवट आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेल्या नेहमीच्या प्लेटेत ३६ सौरघट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घट सुमारे अर्धा व्होल्ट देतो आणि सारे मिळून अठरा व्होल्ट होतात. इसापूर धरणाच्या कालव्यावर शेती करणाऱ्याला हे पाटावरून चटकन कळेल: पाट एका जागी गाळाने अडला, तर वरच्या सर्व लांबीतले पाणी तेथेच तुंबते, बाकीचा पाट कितीही स्वच्छ असो. तसेच एखाद्या घटावर कडुलिंबाची डहाळी, टपावरच्या सामानाची कड किंवा पक्ष्याच्या विष्ठेचा ठिपका आला, की त्या घटातून जाणारा प्रवाह घटतो आणि साखळीतल्या बाकीच्या घटांचाही अडतो. प्लेटेच्या पाठीमागच्या डबीत असलेले बायपास डायोड अडलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात, पण तेवढ्याने निम्मे उत्पादन वाचते, सगळे नाही. आणि माणसाची गरज नेमकी याच्या विरुद्ध असते. वैशाखात भर दुपारी गाडी चिंचेखाली उभी करावीशी वाटते, तर प्लेटेला ती उघड्यावर हवी असते. दोघांचेही ऐकायचे तर एक सुटी प्लेट आणि दहा मीटर जाड तार जवळ बाळगावी, म्हणजे गाडी सावलीत आणि प्लेट उन्हात ठेवता येते. टपावरचे सुबक काम यापुढे फिके पडते.

तार जाड का, याचे उत्तर व्होल्टमध्ये आहे. घरात ३०० वॅटचे उपकरण २३० व्होल्टवर चालते तेव्हा तारेतून सव्वा अँपिअर प्रवाह जातो; तेच उपकरण १२ व्होल्टवर २५ अँपिअर घेते, आणि तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बॅटरीपासून पाच मीटर दूर अशा उपकरणाला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली, तर जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये एक व्होल्टहून अधिक दाब पडतो, म्हणजे दहावा हिस्सा वीज तार तापवण्यात जाते. १६ चौरस मिलिमीटरची तार घातली तर ही घट पाव व्होल्टच्या आसपास उतरते. खरा धोका मात्र सांध्यावर असतो. काळ्या मातीतल्या खडबडीत रस्त्यांवर हजार धक्के खाल्लेला स्क्रू थोडा सैल होतो, सैल सांधा तापतो, तापून आणखी सैल होतो, आणि त्या जागेचे प्लास्टिक आधी पिवळे, मग तपकिरी पडते. महिन्यातून एकदा पेटी उघडून तो रंग पाहणे आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवणे या दोन गोष्टींवर खर्च जवळजवळ शून्य होतो, आणि गाडीत आग लागण्याची बहुतेक कारणे तेवढ्यानेच दूर राहतात.

एसी आणि स्वयंपाक यांविषयी निराळी भाषा करावी लागत नाही, गणितच बोलते. एक टनाचा चांगला एसी रात्रभरात पाच-सहा युनिट घेतो. ते साठवायला शंभर अँपिअर-तासांच्या पाच-सहा लिथियम बॅटऱ्या आणि दिवसा भरायला दीड हजार वॅटच्या वर प्लेटा लागतात. आजच्या प्लेटा चौरस मीटरला दोनशे वॅटच्या आसपास देतात, म्हणजे मध्यम व्हॅनचा जवळजवळ सगळा टप त्यातच संपतो. इंडक्शन शेगडीला दीड-दोन हजार वॅट लागतात आणि १२ व्होल्टवर ते दीडशे अँपिअरच्या घरात जाते; त्यापेक्षा गॅस सोपा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांना वातानुकूलित कॅबिन बंधनकारक झाली, हे चालकांच्या दृष्टीने फार चांगले झाले. पण हा थंडावा इंजिनवर चालतो, आणि गाडी भरण्याच्या प्रतीक्षेत उभा असलेला चालक इंजिन बंद करून झोपला, तर त्याच्याकडे पुन्हा पंखाच उरतो. कोरड्या उन्हाळ्यात छोटा कूलर हा मधला मार्ग आहे. दीडशे वॅटचा कूलर आठ तासांत सव्वा युनिट घेतो, शिवाय तो पाणी पितो. आणि मेमध्ये मराठवाड्यात पाणी विजेपेक्षा सुलभ असेलच असे नाही.

टपावर काही चढवण्यापूर्वी कायदाही पाहावा लागतो. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ गाडीच्या मूळ बांधणीत परस्पर बदल करू देत नाही. वीस-बावीस किलोची काचेची प्लेट ताशी ऐंशी किलोमीटरच्या वाऱ्यात वर उचलली जाते, तेव्हा तिची पकड पत्र्यातल्या चार स्क्रूंवर नसून कॅरिअरच्या लोखंडावर असली पाहिजे, एवढे तर कायदा नसतानाही मान्य व्हावे.

ऊसतोडीच्या कोपीला यातला बहुतेक पसारा लागत नाही. हंगाम कोरड्या, निरभ्र महिन्यांत येतो, आणि ४० वॅटची एक प्लेट व छोटी लिथियम पेटी दोन दिवे आणि तीन-चार मोबाइल सहज सांभाळते. पहाटे तीनला उठून भाकरी थापणाऱ्या बाईच्या हाताशी स्थिर उजेड असणे, अंधारात पाचटात पाय टाकताना साप दिसणे आणि पोराला कंदिलाच्या धुराशिवाय पुस्तक उघडता येणे, यांसाठी एवढी थोडी वीज पुरते, हे पाहिल्यावर या विषयात सर्वांत आधी कोणाचा विचार व्हायला हवा याबद्दल शंका राहत नाही.

दिंडीच्या ट्रकची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. वारी ज्येष्ठ-आषाढात निघते आणि झड लागलेल्या दिवशी प्लेटेचे उत्पादन पाचव्या हिश्शावर येते. चारशे वॅटच्या प्लेटेतून दिवसभरात तीन-साडेतीनशे वॅट-तास मिळाले तरी पुष्कळ. अशा वेळी इंजिनच्या अल्टरनेटरवरून दुसरी बॅटरी भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर कामाला येतो. तो दोन बॅटऱ्यांना परस्परांत रिकामे होऊ देत नाही आणि लिथियमला हव्या त्या दाबाने भरणा देतो. दिंडी दिवसभर चालते, ट्रक पुढे जाऊन मुक्काम गाठतो. वाटेत इंजिन एकूण तासभर चालले तरी ३० अँपिअरच्या चार्जरने चारशे वॅट-तासांच्या आसपास भरणा होतो. तंबूतले दहा दिवे पाच तास जळायला अडीचशे पुरतात, आणि उरलेल्या दीडशेत हरिपाठाचा स्पीकर वाजून पहाटे ट्रक आपल्या बॅटरीवर, धक्क्याशिवाय सुरू होतो.